दाजींची गाडी आणि मसाटचं मशीन

दाजींचा फोन आला की आमच्या घरात टीव्ही बंद होतो, खिडक्या लावल्या जातात आणि सौ. आतून ओरडते, "हळू बोला हो, सगळ्या सोसायटीला कळतंय." पण हळू बोलून उपयोग नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नगरला भिंगारमध्ये असतात. अठ्ठावीस वर्षं रणगाड्यात काढली, रिसालदार म्हणून निवृत्त झाले आणि दोन्ही कान सरकारजमा करून घरी आले. कानाचं यंत्र घेतलंय, ते ताईच्या कपाटात असतं.

गेल्या वर्षी मार्चमधली गोष्ट. सकाळी साडेसातलाच फोन. "टी-७२ ला नवं इंजिन येतंय म्हणतात. पेपरात काय आलंय ते नीट वाचून सांग. आकडे तुला कळतात, मला गाडी कळते."

मी वाचून दाखवलं. म्हणजे ओरडून दाखवलं. ७ मार्च २०२५ ला संरक्षण मंत्रालयानं रशियाच्या रोसोबोरोनएक्स्पोर्टशी करार केला. रक्कम २४ कोटी ८० लाख डॉलर, म्हणजे त्या दिवसाच्या भावानं एकवीसशे कोटी रुपयांच्या वर. आपल्या टी-७२ रणगाड्यांना आज ७८० अश्वशक्तीचं इंजिन आहे, त्याजागी १००० अश्वशक्तीचं येणार. शिवाय ते इंजिन आवडीच्या कारखान्यात बनवण्याचं तंत्रज्ञानही मिळणार.

दाजी जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इंजिन मोठं केलं, बरं केलं. पण खालचं काय?"

"खालचं म्हणजे?"

"गिअरबॉक्स. रेडिएटर. पट्टे. अरे, तुझ्या त्या मसाटच्या मशीनचं काय झालं ते विसरलास होय?"

विसरलो नव्हतो. चोवीस-पंचवीस वर्षं झाली, एकदाही विसरलो नाही. हे लिहायला बसलो तो त्या प्रश्नामुळेच. आपल्यातल्या बऱ्याच जणांना मी बँकवाला म्हणून माहीत आहे, पण ही गोष्ट मी फारशी कुणाला सांगितलेली नाही.

आधी दाजींच्या गाडीबद्दल. 'गाडी' हा त्यांचाच शब्द. आयुष्यात मी त्यांच्या तोंडून 'रणगाडा' ऐकलेला नाही.

आम्ही मूळचे नगरचे, आता अहिल्यानगर म्हणायचं. नगरचं पोर रणगाड्यांच्या आवाजात वाढतं. खारे-कर्जुन्याच्या बाजूला, म्हणजे के. के. रेंजवर, तोफांचा सराव सुरू झाला की आमच्या वाड्याच्या खिडक्यांची तावदानं थरथरायची आणि आजी म्हणायची, "आली त्यांची दिवाळी." चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र नगरला, वाहन संशोधनाची संस्था नगरला, आणि १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालयही नगरलाच. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी शिर्डीला जाताना अर्धा दिवस काढून जरूर पाहावं. रोल्स-रॉइसच्या चिलखती मोटारीपासून पाकिस्तानकडून जिंकून आणलेल्या पॅटनपर्यंत सगळं झाडांच्या सावलीत उभं आहे. सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल १९७१ ला बसंतरच्या लढाईत ज्या सेंच्युरियनमध्ये धारातीर्थी पडले, तो 'फामागुस्ता'ही नगरच्या केंद्रातच जपून ठेवला आहे. त्यांची पलटण पूना हॉर्स, हे वेगळं सांगायला नको.

जुनी गाडी नवी करून लढायची हा आपल्या लष्कराचा उद्योग काही आजचा नाही. दुसऱ्या महायुद्धातले शेर्मन रणगाडे आपल्याकडे राहिले होते. मूळ तोफेनं समोरच्या नव्या गाड्यांचं चिलखत फुटणार नाही हे दिसत होतं, आणि नवे रणगाडे हवे तितके घ्यायला पैसा नव्हता. म्हणून त्यांतल्या बऱ्याच शेर्मनवर लांब नळीची फ्रेंच ७५ मिलिमीटर तोफ चढवली. सप्टेंबर १९६५ ला खेमकरणजवळ असल उत्तरला डेक्कन हॉर्स हे शेर्मन घेऊनच उभी होती. त्यांचे कमांडर लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, म्हणजे पुढे लष्करप्रमुख झालेले आपले जनरल वैद्य. समोर अमेरिकन पॅटन, त्या काळातली एक नंबरची गाडी. आपल्या लोकांनी कालव्याचं पाणी शेतात सोडलं, उसात गाड्या दडवल्या, आणि जड पॅटन चिखलात रुतले. तीन दिवसांत पाकिस्तानचे नव्वदीच्या घरात रणगाडे गेले. वैद्यांना महावीरचक्र मिळालं.

दाजी या लढाईची गोष्ट सांगताना शौर्यावर दोन वाक्यं बोलतात आणि चिखलावर अर्धा तास. "गाडीचं वजन शत्रू मोजत नाही, जमीन मोजते," हे त्यांचं आवडतं वाक्य.

दाजी भरती झाले ते विजयंतावर. विजयंत हा आवडीला बनलेला आपला पहिला रणगाडा, १९६५ च्या अखेरीस पहिला बाहेर पडला. आराखडा इंग्लंडच्या व्हिकर्स कंपनीचा. आता गंमत बघा, तो आराखडाच मुळी वजन आणि पैसा या दोन अटींतून जन्मला होता. ब्रिटिशांचा चीफ्टन आपल्याला जडही होता आणि महागही. म्हणून तोफ सेंच्युरियनची, १०५ मिलिमीटर. इंजिन चीफ्टनच्या जातीचं पण ताकद उतरवलेलं, ५३५ अश्वशक्ती. आणि चिलखत बेताचं. वजन ३९ टनांच्या आसपास बसवलं. म्हणजे भांडवल कमी, तर दुकान छोटं. आम्हा कॉमर्सवाल्यांना हे लगेच समजतं.

दाजींचा जीव विजयंतावर आणि राग त्याच्या इंजिनावर. "गाडी सोन्यासारखी, पण इंजिनाला मूड लागायचा," असं म्हणतात. पुढे त्याच विजयंतात टी-७२ चं इंजिन बसवायचं, कांचन चिलखत चढवायचं, नवी नेमयंत्रणा द्यायची असा बेतही झाला होता. पण सगळ्या ताफ्याला तो खर्च पेलणारा नव्हता. मग काय केलं, तर विजयंताच्या सांगाड्यावर १३० मिलिमीटरची तोफ चढवून 'कॅटापल्ट' केला, पूल टाकणारी 'कार्तिक' गाडी केली. म्हाताऱ्या बैलाला नांगरावरून काढून मोटेला जुंपावं तसं. आपल्या टी-५५ चंही तेच झालं, मूळची १०० मिलिमीटरची तोफ काढून विजयंतवाली १०५ बसवली. आपल्या घरात जुन्या साडीची गोधडी होते, त्यातलाच प्रकार.

ऐंशीच्या दशकात दाजींच्या पलटणीला टी-७२ आली. आपण तिचं नाव 'अजेय' ठेवलं. साडेएकेचाळीस टन, ७८० अश्वशक्ती, १२५ मिलिमीटरची तोफ, आणि माणसं चारऐवजी तीन. कारण गोळा भरायला माणूस नाही, यंत्र. एक माणूस कमी केला म्हणून गाडी बुटकी झाली, बुटकी झाली म्हणून चिलखत कमी लागलं, आणि म्हणून वजन आटोक्यात राहिलं. पश्चिमेच्या साठ टनी गाड्यांपुढे ही साडेएकेचाळीस टनांची गाडी तितक्याच मोठ्या तोफेनं उभी राहिली ती या हिशेबामुळे. दाजी साडेपाच फुटांच्या आतले, त्यांना ती गाडी शिवून घेतल्यासारखी बसली. उंच पोरांचे हाल. स्टिअरिंग नाही, दोन दांडे. राजस्थानात मे महिन्यात आत बसलं की पाण्याची बाटली चहाला चालेल इतकी तापायची.

पण त्या हिशेबाची दुसरी बाजू अशी, की जी गाडी इतकी घट्ट बसवलेली असते, तिच्यात नंतर काही वाढवायला जागा उरत नाही. जागाही नाही आणि वजनाची मुभाही नाही.

आणि वाढवायचं तर होतंच. रात्रीच्या नजरेपासून सुरुवात. मूळच्या टी-७२ ला रात्री दिसावं म्हणून अवरक्त दिवा होता. तो लावला की आपल्याला थोडं पुढचं दिसतं, पण समोरच्याकडे तशीच दुर्बीण असेल तर त्याला आपला दिवा आपल्याआधी दिसतो. दाजी म्हणायचे, चोरानं कंदील घेऊन फिरावं तसं. म्हणून पुढे उष्णता टिपणाऱ्या थर्मल दुर्बिणी आल्या, पण महाग, त्यामुळे सगळ्या गाड्यांना एकदम नाही. मग पुण्याच्या एचईएमआरएल प्रयोगशाळेनं स्फोटक चिलखत तयार केलं. म्हणजे रणगाड्याच्या अंगावर विटांसारख्या पेट्या लावायच्या; शत्रूचा मारा आला की पेटी आधी फुटते आणि माऱ्याची धार मोडते. काम नामी, पण त्या विटांचं वजन टनाच्या वर जातं. मग आग विझवणारी यंत्रणा, जीपीएस, नवा रेडिओ. आता युक्रेनच्या युद्धानंतर तर वरून येणाऱ्या ड्रोनसाठी डोक्यावर लोखंडी पिंजरे. प्रत्येक वस्तू आपापल्या जागी रास्त, आणि प्रत्येक वस्तू इंजिनाच्या डोक्यावर.

मी यावर बँकेच्या सवयीनं गुणोत्तर काढलं. विजयंत टनाला पावणेचौदा अश्वशक्ती. टी-७२ नवी कोरी असताना पावणेएकोणीस. विटाबिटा चढवून त्रेचाळीस टन धरली तर अठरावर येते. १००० चं इंजिन बसवलं की तेवीसच्या वर जाते, म्हणजे साडेशेहेचाळीस टनी टी-९० च्याही पुढे, कारण तिचं इंजिनही १००० चंच. दाजींना मी हा हिशेब ऐकवला. "कागदावर फर्स्ट क्लास," ते म्हणाले. "तुझ्या मसाटच्या मशीनचाही कागद फर्स्ट क्लासच होता."

तर आता मसाट.

बँकेनं मला १९९६ ला सिल्वासाला पाठवलं. तेव्हाचं सिल्वासा जुन्या लोकांना आठवत असेल. १९५४ ला सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे यांच्यासारख्या मंडळींनी जीव धोक्यात घालून सोडवलेला हा मुलूख, आणि आम्ही मराठी नोकरदार तिथे चाळीस वर्षांनी सुटकेस घेऊन आलो. करसवलतींमुळे मसाट, सामरवरणी, पिपरिया, जिकडे बघाल तिकडे शेड उभ्या राहत होत्या. धाग्याचे कारखाने तर विचारू नका. अर्धवट ओढलेला पॉलिएस्टरचा धागा आणायचा, तापवायचा, पीळ द्यायचा, फुगवायचा, बॉबिनवर गुंडाळायचा आणि सुरतेला पाठवायचा. टेक्स्चरायझिंग म्हणतात त्याला. मसाटमध्ये रात्री फिरलं की त्या मशीनची घरघर पायाखालून जाणवायची.

२००० च्या सुमारास माझ्याकडे एक गृहस्थ आले. जळगावकडचे. आयटीआय करून फिटर म्हणून सिल्वाशात आलेले, बारा वर्षं दुसऱ्यांची मशीन दुरुस्त करून शेवटी स्वतःची छोटी शेड घेतलेली. बायको डबे करायची, मुलगा तिसरी-चौथीत. त्यांच्याकडे सुरतेहून आणलेलं एक जुनं मशीन होतं. चालत होतं, पण हळू. त्याच वेळी केंद्र सरकारची वस्त्रोद्योगासाठी तंत्रज्ञान उन्नतीची योजना आलेली, १९९९ ला, व्याजात पाच टक्के सवलत. मोठे लोक भराभर परदेशी मशीन आणत होते. यांच्याकडे नव्या मशीनसाठी मार्जिन मनी नव्हती. त्यांचा प्रस्ताव असा होता की सांगाडा जुना ठेवायचा आणि मोटारी, हीटर, पीळ देणारे स्पिंडल आणि वेग सांभाळणारे ड्राइव्ह नवे बसवायचे. नव्या मशीनच्या पाचव्या हिश्शात वेग दीडपट.

मला प्रस्ताव आवडला. खरं सांगायचं तर माणूस आवडला. आपला मराठी माणूस, हाताला तेल लागलेला, मालक होऊ पाहतोय. मी जातीनं अप्रेझल नोट लिहिली. वेग दीडपट, उत्पादन दीडपट, कर्जफेडीचं गुणोत्तर झकास. वरून मंजुरी आली.

रक्कम द्यायच्या आदल्या आठवड्यात ताई आणि दाजी दिवाळीसाठी आमच्याकडे आले होते. दाजींना देवळात बसवत नाही, त्यांना यंत्र दाखवा. मी त्यांना त्या शेडवर घेऊन गेलो. मशीन चालू होतं. गृहस्थांनी कौतुकानं सगळं समजावलं, कुठे काय बसणार ते. दाजींना त्यातलं किती ऐकू आलं देव जाणे. ते मशीनच्या कडेनं चालत गेले, टोकाच्या खांबावर तळहात ठेवला आणि डोळे मिटून उभे राहिले. डॉक्टर नाडी बघतात तसे. मिनिटभरानं मला बाजूला घेऊन म्हणाले, "हा सांगाडा आत्ताच थरथरतोय. ह्याला दीडपट पळवू नकोस. आधी खालचं बघ."

मी काय म्हणालो ते मला शब्दश: आठवतं. म्हणालो, "दाजी, तो टेक्निकल भाग आहे. तो पार्टीनं बघायचा."

खरं तर आमच्याकडे मशीनची तपासणी करून घ्यायची सोय होती. एक पत्र लिहून इंजिनिअरचा अहवाल मागवायचा, पंधरा दिवस लागले असते. मार्चअखेरचं उद्दिष्ट लांब होतं, घाई नव्हती. पण मंजुरीनंतर मीच शंका काढली तर माझ्याच नोटवर मी शंका काढल्यासारखं झालं असतं. मी पत्र लिहिलं नाही. पुढच्या सोमवारी रक्कम दिली.

नव्या मोटारी बसल्या. पहिले दोन महिने सगळे खूश. मग वेग वाढवला की धागा तुटायला लागला. वेग कमी केला की हप्ता निघेना. बेअरिंग जायला लागली. सांगाड्याच्या थरथरीनं पीळ एकसारखा बसेना, आणि सुरतेच्या व्यापाऱ्याकडे कापड रंगवलं की त्यात पट्टे दिसायला लागले. माल परत यायला लागला. त्यात नव्या हीटरना वीज जास्त लागत होती, मंजूर भार कमी पडला, तो वाढवायला आणखी पैसे. एक गोष्ट बदलली की पुढची बदलावी लागते, ती बदलली की तिच्या पुढची. दीड वर्षात खातं थकलं. एनपीएची नोटीस माझ्याच सहीनं गेली. शेड गेली. मशीनचे नवे भाग बरे भावाला विकले गेले, सांगाडा भंगारात गेला.

त्या गृहस्थांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि हेच मला जास्त लागलं. ते परत नोकरीला लागले. मसाटच्या गणपतीत भेटायचे, "नमस्कार साहेब" म्हणायचे, प्रसाद हातावर ठेवायचे. मी निवृत्त झाल्यावर एकदा धीर करून त्यांना सांगितलं की आमच्या दाजींनी तेव्हा असं असं म्हटलं होतं आणि मी ऐकलं नाही. ते हसले. म्हणाले, "साहेब, मी फिटर होतो. सांगाडा थरथरतोय हे मला माहीत नव्हतं असं वाटतं तुम्हाला? पण नवं मशीन तुम्ही दिलं नसतं, आणि जुनं मला पुरत नव्हतं."

ह्या वाक्याला मला अजून उत्तर सापडलेलं नाही. लष्कराचाही प्रश्न नेमका हाच आहे असं मला वाटतं. आपल्याकडे दोन हजारांवर टी-७२ आहेत. सगळ्या काढून नव्या घ्यायच्या तर काय पडेल? अर्जुन मार्क वन-ए चे ११८ रणगाडे सप्टेंबर २०२१ ला मागवले, ७,५२३ कोटींना. भागाकार तुम्हीच करा, एकाला पावणेचौसष्ट कोटी पडतात. आणि अर्जुनची दुसरी अडचण वजनाची. पहिला अर्जुन साडेअठ्ठावन्न टनांचा. सुधारणा करता करता मार्क वन-ए अडुसष्टावर गेला, इंजिन मात्र १४०० अश्वशक्तीचंच. तोफ पुण्याच्या पाषाणच्या एआरडीईची, २०२० ला आमच्या के. के. रेंजवरच त्यातून लेझरवर चालणारं क्षेपणास्त्र डागून पाहिलं, लक्ष्य अचूक टिपलं. अभिमानच आहे. पण अडुसष्ट टनांची गाडी पंजाबातल्या कालव्यांवरच्या पुलांवरून, रेल्वेच्या वॅगनवरून, मऊ रानातून न्यायची कशी, हा प्रश्न कारखाना सोडवू शकत नाही. तो पूल सोडवतो.

टी-७२ ची जागा घेणाऱ्या पुढच्या पिढीच्या रणगाड्याला संरक्षण खरेदी परिषदेनं सप्टेंबर २०२४ मध्ये तत्त्वतः मंजुरी दिली. तत्त्वतः मंजुरी म्हणजे काय हे बँकवाल्याला विचारा. तिथून माल दारात यायला वर्षं जातात. तोवर हीच गाडी. ताईचा नातू आज ह्याच गाडीवर तोफची आहे, ज्या गाडीवर त्याच्या आजोबांनी दांडे ओढले.

म्हणून दाजींचा 'खालचं काय' हा प्रश्न म्हाताऱ्याची कुरकुर नाही. टी-७२ ला मागे दोन बाजूंना दोन गिअरबॉक्स आहेत, ते ७८० च्या हिशेबानं घडवलेले. हजाराचं इंजिन लावलं की त्यांच्यावर ताण वाढतो, उष्णता वाढते, ती काढायला पंखा आणि रेडिएटर तसा लागतो. आणखी एक गोष्ट दाजी सांगतात ती मला नवी होती. ही गाडी पुढे साठनं पळते, पण मागे येताना माणसाच्या चालीनं येते, ताशी चार-पाच किलोमीटर. गिअरच तसा आहे. म्हणजे संकटातून तोंड शत्रूकडे ठेवून मागे सरायचं, तर इंजिन कितीही मोठं बसवा, त्याच गिअरबॉक्सवर वेग तोच राहणार. "पळायला ताकद दिली," दाजी म्हणाले, "परत यायला काय दिलं ते बघा म्हणावं."

२०२४ च्या जूनअखेरची एक सकाळ सांगतो. पूर्व लडाखमध्ये सासेर ब्रांगसाजवळ रात्री श्योक नदीत आपला एक टी-७२ अडकला. अचानक पाणी वाढलं. पाच जवान गेले. बातमी टीव्हीवर आली तेव्हा नातवाची पलटण नक्की कुठे आहे हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं, सांगायची पद्धत नसते. ताई फोनवर नुसती "हॅलो, हॅलो" म्हणत होती. दाजींनी फोन घेतला नाही. दुपारी तीनला पोराचा मेसेज आला, 'मी ठीक आहे, जेवलो.' तो राजस्थानात होता. संध्याकाळी दाजींशी बोललो तर ते एवढंच म्हणाले, "पाच जणांच्या घरी मेसेज आला नसेल."

त्यानंतर आठवड्याभरात, ६ जुलैला, सुरतजवळच्या हजिऱ्याहून बातमी आली. डीआरडीओचे प्रमुख डॉ. समीर कामत यांनी एल अँड टीच्या कारखान्यात 'जोरावर' पाहिला. हलका रणगाडा, २५ टनांचा. डोंगरात लढायला म्हणून मुळापासून नवा आखलेला. २०२० मध्ये चीनशी तणाव वाढल्यावर टी-७२ आणि टी-९० लडाखला चढवावे लागले, आणि मैदानासाठी केलेली गाडी विरळ हवेत, अरुंद वाटांवर किती दमते ते कळलं. त्यातून हा जन्मला. नाव लडाख-तिबेटच्या मोहिमा करणाऱ्या जनरल जोरावरसिंगांचं. इथे हिशेब उलटा केलाय. आधी वजन ठरवलं, २५ टन, आणि मग त्यात काय बसतं ते बघितलं. दाजींना मी हे सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा खूश झाले. "हां! आधी पूल बघितला, मग गाडी केली." अर्थात जोरावर काही टी-७२ ची जागा घेणार नाही, त्याचं काम वेगळं. मैदानात जाडजूड चिलखताची गाडी लागणारच, आणि ती आज जुनीच आहे.

इंजिनाच्या करारावरचं माझं मत विचाराल, तर मी सही केली असती. यावेळी मात्र आधी ते पत्र लिहिलं असतं, सांगाड्याचा अहवाल मागवणारं. दाजींनाही मी हेच सांगितलं. ते म्हणाले, "आवडीला बनणार ना? मग बरंय. तिथले फिटर हात लावून बघतील."

पावसाळ्यानंतर ताई-दाजी मसाटला यायचं म्हणताहेत. दाजींची एकच अट आहे, हजिऱ्याला घेऊन जायचं. इथून अडीच-तीन तासांचा रस्ता. मी म्हटलं, "अहो दाजी, आत कुणी सोडणार नाही. बाहेर उभं राहून काय दिसणार? आणि तुम्हाला तर ऐकूही येत नाही."

"भिंत असेल ना कंपाउंडची?" दाजी म्हणाले. "हात तर लावता येईल."